हरित कॅम्पस: आधी मीटर, पोस्टर सर्वांत शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या विद्यापीठात हरित समिती नेमली आहे. मी त्यात विद्यार्थी प्रतिनिधी आहे. जागृतीची पोस्टरं, शपथ, बाटलीबंद पाण्यावर बंदी, वृक्षारोपण आणि छतावर सौर पॅनेल असा कार्यक्रम ठरतो आहे. पण मुलांच्या सवयी खरोखर बदलायला हव्यात असं मला वाटतं. सुरुवात कुठून करावी?"

कॅम्पसच्या वीज-पाणी-कचऱ्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल आणि काही ठिकाणी तुमच्या समितीला आवडणार नाही.

पोस्टरं आणि शपथ आधी बाजूला ठेवा. या गोष्टींचा परिणाम लोकांनी मोजून पाहिला आहे. स्वीडनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात छपाईच्या कागदावर प्रयोग झाला. काही विभागांत लोकांना कागद वाचवण्याचं आवाहन केलं. काही विभागांत प्रिंटरची मूळ सेटिंग बदलून पाठपोट छपाईची करून ठेवली. ज्याला एकाच बाजूला छापायचं आहे त्याला ती मुभा होतीच. आवाहनाने काहीही फरक पडला नाही. सेटिंगने कागदाचा वापर सुमारे १५ टक्क्यांनी उतरला आणि काही महिन्यांनीही तो तसाच उतरलेला राहिला. ही मंडळी विद्यापीठात काम करणारी, शिकलेली, पर्यावरणाबद्दल चांगलं बोलणारीच होती. कागद वाचवायला त्यांची ना नव्हती. प्रत्येक वेळी प्रिंटच्या खिडकीत जाऊन ती खूण करण्याइतकं त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं, एवढंच.

कॅम्पसवर हे जास्तच जाणवतं, कारण इथे स्वतःचं बिल कुणीच भरत नाही. वसतिगृहातल्या मुलीला विजेचं बिल कधी दिसत नाही, प्राध्यापकाला विभागाचं दिसत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखाला फ्रीझर विकत घेताना किंमत दिसते, तो चालवण्याचा खर्च दिसत नाही. लेखा विभागात जो कारकून बिल भरतो, त्याला कुठल्या इमारतीत काय चालू राहिलं हे कळायला मार्ग नसतो. घरात जो दिवा मालवतो तोच इथे आल्यावर मालवत नाही, याचं नवल वाटायला नको. त्यात दरवर्षी तिसरा-चौथा हिस्सा लोकसंख्या नवी येते आणि तेवढीच निघून जाते. समजावून तयार केलेली तुकडी पदवी घेऊन गेली की पुन्हा श्रीगणेशा. सेटिंग, नियम, करारातलं कलम, टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह या गोष्टी मात्र पदवी घेऊन जात नाहीत. म्हणून माझा आग्रह असतो की सवय माणसाच्या मनात शोधू नका, ती जिथे घडते त्या व्यवस्थेत शोधा.

पहिला महिना फक्त कागद गोळा करण्यात घालवा. मागच्या दोन-तीन वर्षांची विजेची, पाण्याची, गॅसची, जनरेटरच्या डिझेलची बिलं. कचऱ्याच्या गाडीच्या खेपांची नोंद. कागदाच्या रिमांची खरेदी. लेखा विभाग "आता कुठे शोधायचं" म्हणेल. चिकाटी धरा. ही बिलं महिन्यागणिक एका तक्त्यात मांडली की अर्ध्या गोष्टी आपोआप बोलू लागतात. सुट्टीच्या महिन्यात, मुलं घरी गेलेली असताना, पाण्याचं बिल किती उतरलं? नाममात्र उतरलं असेल, तर तुमचं पाणी मुलं संपवत नाहीत, जमीन पिते आहे. वसतिगृह रिकामं असताना वीज पूर्वीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर चालूच असेल, तर "दिवे बंद करा" ही पोस्टरं चुकीच्या माणसांना उद्देशून लावली जाणार आहेत.

बऱ्याच ठिकाणी अख्ख्या कॅम्पसला एकच मीटर असतो. तेव्हा समितीने पहिला पैसा इमारतनिहाय सबमीटरवर खर्च करावा, बाकी सगळं त्यानंतर. उद्घाटनाला सबमीटर शोभत नाही, फीत कापण्यासारखं त्यात काही नसतं, म्हणून तो नेहमी मागे पडतो. हा हट्ट सोडू नका.

मीटर बसेपर्यंत एक गोष्ट फुकटात होते. सुट्टीच्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास इलेक्ट्रिशियन आणि वॉचमनला बरोबर घ्या आणि इमारतींमधून फिरा. दिवे पाहू नका, आवाज ऐका. शौचालयातले एक्झॉस्ट पंखे रिकाम्या इमारतीची हवा बाहेर फेकत असतात. प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर कुणी पिणार नसलेलं पाणी थंड करत बसलेला असतो. संगणक कक्षात पडदे काळे असतात, पण पेटीला हात लावला तर ती गरम लागते. नुसतं जागं राहायला साधा डेस्कटॉप ४०-६० वॅट घेतो, झोपेच्या स्थितीत जेमतेम दोन-तीन. चाळीस यंत्रांच्या एका खोलीत रात्रीचे दहा तास धरले तर वीसेक युनिट झाले, तेही रोज. उपाय म्हणजे रात्री अकराला यंत्रं आपोआप झोपवणारी एक आज्ञा, जी संगणक विभागातला माणूस एका दुपारी बसवून देतो. सर्व्हर खोलीचा एसी १८ अंशांवर लावलेला असतो. का, असं विचारलं तर "पहिल्यापासून तसाच आहे" असं उत्तर येतं. सर्व्हरला पुरवायच्या हवेसाठी सर्वमान्य शिफारस १८ ते २७ अंश आहे. आपण तिच्या तळाला का राहतो हे कुणी विचारलेलंच नसतं. आणि मागच्या बाजूला कुठेतरी टाकी भरून वाहत असते, कारण फ्लोट स्विच दोन वर्षांपूर्वी बिघडला आणि पंप घड्याळ बघून चालवला जातो.

या फेरीची यादी करा: यंत्र, जागा, किती वॅट, रात्री गरज आहे का. माझ्या पाहण्यातली कुठलीही पोस्टर मोहीम या एका यादीच्या जवळपास पोहोचली नाही.

विज्ञानाचे विभाग असतील तर खरी गंमत तिथे आहे, आणि हरित समित्या तिथे शक्यतो पाऊल टाकत नाहीत, कारण प्राध्यापकांना दुखवायचं नसतं. नमुने साठवण्याचा उणे ८० अंशांचा एक जुना फ्रीझर दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज खातो. २० वॅटची एलईडी ट्यूब दहा तास जाळली तर ०.२ युनिट, म्हणजे असा एक फ्रीझर शंभर ट्यूबांच्या बरोबरीचा झाला. तुम्ही वर्गावर्गात ट्यूब बंद करायची स्टिकरं लावत असता आणि जैवतंत्रज्ञानाच्या बोळात असे सहा-सात फ्रीझर ओळीने घुमत असतात. नवी चांगली मॉडेलं याच कामाला निम्म्याहून कमी वीज घेतात. पण नवं घेण्याआधीही करण्यासारखं पुष्कळ आहे. बहुतेक नमुने उणे ७० वर तितकेच सुरक्षित राहतात आणि त्या दहा अंशांत सुमारे ३० टक्के वीज वाचते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसवर अनेक प्रयोगशाळा कित्येक वर्षं उणे ७० वर चालतात. ज्या मोजक्या नमुन्यांना खरोखर उणे ८० लागतं ते वेगळ्या फ्रीझरमध्ये एकत्र करा.

एकदा फ्रीझर उघडायला लावून आत बघा. दरवाजाच्या रबराला बोटभर बर्फ चढलेला असतो, त्यामुळे दार नीट बसत नाही. मागची जाळी धुळीने भरलेली असते. आतल्या डब्यांवर आद्याक्षरं असतात, ती कुणाची हे आता कुणालाच ठाऊक नसतं. तो विद्यार्थी पीएचडी करून केव्हाच गेला. नमुन्यांची यादी दारावर चिकटवलेली नसल्याने प्रत्येक जण दार उघडं ठेवून शोधाशोध करतो. बर्फ खरवडणं, जाळी झाडणं, यादी लावणं आणि बेवारस नमुन्यांचा निकाल लावणं ही चार कामं झाली की अनेकदा एक आख्खा फ्रीझर बंद करता येतो. पीएचडीच्या ना-हरकत पत्रावर ग्रंथालयाच्या सहीबरोबर "फ्रीझरमधली जागा रिकामी केली" अशी एक सही वाढवा. मी सुचवलेल्या उपायांतला हा सर्वांत कंटाळवाणा, पण वर्षानुवर्षं टिकलेला.

रसायनशास्त्रात फ्यूम हूड असतात, म्हणजे विषारी वाफा ओढून छतावाटे बाहेर टाकणारी काचेच्या झडपेची कपाटं. अमेरिकेत झालेल्या हिशोबात असा एक हूड तिथल्या साधारण साडेतीन घरांइतकी ऊर्जा खातो असं निघालं. वीज पंख्यापुरतीच लागते असं नाही. तो खोलीतली थंड वा गरम केलेली हवा सतत बाहेर फेकतो आणि तितकी नवी हवा पुन्हा थंड वा गरम करावी लागते. म्हणून काम नसताना झडप खाली ओढा अशी मोहीम हार्वर्डसह अनेक ठिकाणी चालली. इथे एक मेख आहे. झडप खाली केल्यावर हवेचा प्रवाह कमी होणारी यंत्रणा असेल तरच वीज वाचते. जुन्या स्थिर प्रवाहाच्या हूडमध्ये झडप उघडी असो की बंद, पंखा तितकीच हवा ओढतो. सुरक्षिततेसाठी ती खाली असलेली बरीच, पण बचतीच्या आकड्यात धरू नका. आपला हूड कुठल्या जातीचा हे देखभाल विभागाला विचारा आणि मगच स्टिकर छापा.

आता वसतिगृहांकडे. स्पर्धा घ्यायचा मोह तुम्हाला होणार. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजने २००५ साली वसतिगृहांमध्ये दोन आठवड्यांची बचत स्पर्धा घेतली. काही इमारतींत विजेचा वापर त्या क्षणी किती आहे हे पडद्यावर दिसायची सोय होती. विजेचा वापर सरासरी ३२ टक्क्यांनी घटला, ताजे आकडे दिसणाऱ्या इमारतींत ५५ टक्क्यांपर्यंत. पाणी मात्र केवळ ३ टक्क्यांनी. मला या दोन आकड्यांतला फरक फार बोलका वाटतो. वीज वाचवायला बटणापर्यंत हात गेला की पुरतं. पाणी गळक्या झडपांतून आणि मोठ्या तोंडाच्या नळांतून जातं, तिथे मुलाच्या चांगुलपणाचा उपयोग नाही. स्पर्धा जरूर घ्या. तिच्यामुळे लोकांचं लक्ष येतं, तक्रारी येतात, कुठला पंखा रेग्युलेटरविना फिरतो ते कळतं. पण दोन आठवड्यांचा आकडा वर्षाचा म्हणून अहवालात लिहू नका.

पाण्याचं खरं काम प्लंबरचं आहे. प्रत्येक फ्लश टाकीत खाण्याचा रंग दोन थेंब टाका आणि वीस मिनिटांनी भांड्यात बघा. पाणी रंगीत दिसलं तर झडप गळते आहे. आवाज नसलेली अशी गळती दिवसाला शेकडो लिटर नेते, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिची तक्रार येत नाही. विद्यार्थ्यांना हे काम आवडतं. एका सुट्टीच्या दिवशी अख्खं वसतिगृह तपासून होतं. त्यांनी यादी प्लंबरच्या हातात द्यावी आणि पंधरा दिवसांनी तीच भांडी पुन्हा तपासावीत. दुसरी तपासणी केली नाही तर पहिलीचा उपयोग नाही. हात धुण्याच्या नळांना एअरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी, लावणं हे त्यानंतरचं सोपं काम.

सवयीपलीकडचं एक उदाहरण देतो, म्हणजे प्रमाण लक्षात राहील. इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने कोळशाचे बॉयलर मोडीत काढून सुमारे ३,६०० बोअर मारले आणि जमिनीतल्या स्थिर तापमानावर इमारती गरम-थंड ठेवायला सुरुवात केली. काम २००९ मध्ये सुरू झालं, टप्प्याटप्प्याने पुरं झालं. त्यात एकाही विद्यार्थ्याला कुठलीही सवय बदलावी लागली नाही. सगळ्यांनाच हे जमणार नाही, पण बॉयलर किंवा एसीचा मोठा संच बदलायचा असतो तेव्हा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची ऊर्जा त्या एका निविदेत ठरते. समितीने त्या बैठकीला हजर असायला हवं. पोस्टर स्पर्धेच्या परीक्षकपदापेक्षा ती खुर्ची कितीतरी महत्त्वाची.

मेस आणि कॅन्टीनबद्दल सगळ्यांना मतं असतात, मोजमाप कुणाकडे नसतं. अन्न तीन ठिकाणी वाया जातं: कोठारात आणि निवडताना-चिरताना, शिजवून न वाढलेलं, आणि ताटात टाकलेलं. मोहिमा सगळ्या ताटावर असतात, कारण ताट दिसतं आणि विद्यार्थ्याला ओशाळवता येतं. एक आठवडा तीन वेगळे पिंप ठेवून रोज वजन करा. बऱ्याचदा मधला पिंप सर्वांत जड निघतो: शंभर येतील म्हणून शिजवलं आणि साठच आले. हा दोष खाणाऱ्यांचा नाही, अंदाजाचा आहे. आदल्या रात्री "मी उद्या नाही" अशी खूण करायची सोय आणि शेवटच्या तासात छोट्या घाण्यांनी शिजवणं, एवढ्याने त्यातला मोठा भाग जातो. सोय मात्र "नाही" सांगायची असू द्या. "येणार आहे" हे रोज कळवायला लावलंत तर मुलं विसरतील आणि उपाशी राहतील, आणि आठवड्यात ती पद्धत बंद पडेल.

ताटातल्या नासाडीवरही उपदेशापेक्षा मांडणी चालते. जिथे ट्रे घेऊन हवं तितकं वाढून घेण्याची पद्धत आहे, तिथे ट्रे काढून टाकल्यावर माणशी नासाडी २५ ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद अमेरिकेतल्या अनेक कॅम्पसवर झाली. हातात मावेल तितकंच माणूस घेतो, हवं तर पुन्हा येतो. मांसाहाराचा कार्बनभार मोठा असतो, त्याबद्दल केंब्रिजमधला अभ्यास पाहण्यासारखा आहे: चार पदार्थांत एकाऐवजी दोन शाकाहारी ठेवले, तर शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. कुणावर सक्ती नव्हती आणि एकूण विक्रीही घटली नाही. आपला कप आणणाऱ्याला सवलत द्यावी की कागदी कपाचे वेगळे पैसे घ्यावेत, यावर तुमच्याकडे वाद होईलच. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्ही तपासलं. सवलतीचा परिणाम दिसला नाही, कपाचे वेगळे पैसे घेण्याचा दिसला. हातातलं जाणं माणसाला मिळण्यापेक्षा जास्त लागतं.

आता बाटलीबंद पाण्यावरची बंदी. हे वाचून समितीत कुणीतरी नाराज होणार. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाने जानेवारी २०१३ पासून कॅम्पसवर बाटलीबंद पाण्याची विक्री बंद केली. हेतू उत्तम. नंतर मोजलं तेव्हा कॅम्पसवर माणशी येणाऱ्या बाटल्या कमी न होता वाढलेल्या निघाल्या, आणि वर गोड पेयांचं प्रमाण वाढलं. तहान लागलेला विद्यार्थी यंत्रासमोर उभा राहिला, पाणी नव्हतं, त्याने शेजारची बाटली घेतली. प्लास्टिक तेच, आत साखर. यावरून बंदीच नको असं मी म्हणत नाही. क्रम पाळा. आधी प्रत्येक इमारतीत, प्रत्येक मजल्यावर, बाटली उभी मावेल असे आणि पाण्याची तपासणी झालेली तारीख दाखवणारे नळ. तो तारखेचा कागद क्षुल्लक वाटतो, पण नळाच्या पाण्यावर लोकांचा भरवसा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग दोन-तीन महिने वापर बघा. त्यानंतर बंदी, आणि ती आणायचीच तर एकदाच वापरायच्या सगळ्या बाटल्यांवर. एकट्या पाण्यावर नको.

कचऱ्यावर मी स्वतःला आवरतो, नाहीतर हे उत्तर संपणार नाही. दोन गोष्टी सांगतो. पहिली: एकटा डबा कुठेही ठेवू नका. ओल्याचा, सुक्याचा आणि उरलेल्याचा डबा एकत्रच हवेत. एकटा दिसला की त्यात सगळं पडतं. डब्यांवर "ओला", "सुका" लिहून भागत नाही, तुमच्या कॅन्टीनमध्ये प्रत्यक्ष मिळणाऱ्या वस्तूंचे फोटो लावा. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो कशात जातो यावर प्राध्यापकांतही एकमत नसतं. शेजारी उरलेला चहा ओतायला एक जाळीची बादली ठेवा. कोरडा कागद खराब करायला दोन घोट चहा पुरतो, आणि ओली पिशवी पुढे कुणी घेत नाही.

दुसरी: पिशवीचा माग काढा. डब्यात वेगळा केलेला कचरा कुठे जातो ते सफाई कर्मचाऱ्याच्या मागोमाग जाऊन बघा. अनेक ठिकाणी दोन रंगांच्या पिशव्या एकाच हातगाडीत पडतात, कारण त्याला गाडी एकच दिलेली असते, खेपांचा वेळ ठरलेला असतो आणि करारात वजनावर पैसे असतात. विद्यार्थ्यांनी हे एकदा पाहिलं की त्यांचा विश्वास जातो आणि तो पुन्हा बसवणं फार अवघड असतं. म्हणून आधी मागची साखळी नीट करा, दुसरी गाडी घ्या, करारात वर्गीकरणाचं कलम घाला, डबे त्यानंतर. आणि "२४ तासांत खत" म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांना भुलू नका. त्यातली बरीचशी अन्न गरम करून वाळवतात. बाहेर येतं ती भुकटी, तयार खत नव्हे. ओली झाली की ती पुन्हा कुजायला लागते, आणि वीज जाते ती वेगळीच. मैदानी कॅम्पसला सुक्या पानांची वाण नसते. मेसचा ओला कचरा नत्र देतो, पानं कार्बन देतात. कार्बन-नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एक जमलं, ओल राखली आणि ढीग उलटत राहिलात तर तो आतून साठ अंशांपर्यंत आपणहून तापतो. दुर्गंधी आली तर समजा पानं कमी पडली.

सत्र संपताना वसतिगृहातून गाद्या, बादल्या, टेबल दिवे, वह्या यांचा ढीग बाहेर पडतो, आणि दीड महिन्याने नवी मुलं त्याच वस्तू नव्याने विकत घेतात. मधल्या काळात ठेवायला एक कोरडी खोली आणि एक कुलूप, एवढीच अडचण असते. ती खोली मिळवा.

ये-जा हा विषय समित्या टाळतात. पण बहुसंख्य विद्यार्थी बाहेरून येत असतील तर एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा मोठा निघतो. सीॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये यू-पास काढला, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर बसप्रवास. तसे पास पुढे अनेक विद्यापीठांनी घेतले. मूळ कल्पना तीच, बस हा सहज पडणारा पर्याय करायचा आणि पार्किंग हा पैसे मोजून घ्यायचा. हे दोन्ही एकत्र केलंत तरच उपयोग होतो. पार्किंग फुकट ठेवून सायकल दिन साजरा करण्यात अर्थ नाही. वेळापत्रकही पाहा. सकाळी एक तास आणि संध्याकाळी चारला एक तास ठेवला तर माणूस स्वतःची गाडी काढणारच.

सौर पॅनेल लावा, पण रात्रीच्या फेरीची यादी संपल्यावर. गळती थांबवण्याआधी लावलेलं पॅनेल रिकाम्या खोलीतला वॉटर कूलर चालवतं. आणि पॅनेल पुसायचं कुणी, पाणी कुठून, छतावर जायची किल्ली कुणाकडे, हे कागदावर आधी लिहा. वृक्षारोपणाबद्दल एकच विचारतो: दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? त्या माणसाचं नाव सांगता आलं तर झाडं लावा, नाहीतर आहेत ती जुनी झाडं बांधकामातून वाचवण्यात शक्ती घाला. मोठ्या झाडाच्या मुळांवर पेव्हर ब्लॉक बसवू न देणं हे शंभर रोपांपेक्षा मोलाचं काम आहे.

हरित विद्यापीठांच्या क्रमवारीचा विषय कुलगुरूंच्या बैठकीत निघेलच. इंडोनेशिया विद्यापीठाची ग्रीनमेट्रिक २०१० पासून आहे, उत्तर अमेरिकेत स्टार्स नावाची गुण देण्याची पद्धत चालते. १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर गावी विद्यापीठप्रमुखांनी पर्यावरणाबद्दलचा जाहीरनामा केला, त्यावर पुढे पाचशेच्या वर संस्थांनी सह्या केल्या. सही करायला काही पडत नाही, म्हणून तिचं मला फार कौतुक नाही. क्रमवारीचा एक फायदा खरा आहे: तिच्या निमित्ताने आकडे गोळा करावे लागतात आणि बंद कपाटं उघडतात. गुणांसाठी काम सुरू झालं की मात्र जे मोजलं जातं तेवढंच होतं. फ्रीझरच्या रबरावरचा बर्फ कुठल्याही क्रमवारीत नाही.

आता हे सगळं टिकवायचं कसं. बचतीतून आलेला पैसा लेखा विभागाच्या सामाईक खात्यात विरघळला की पुढच्या वर्षी समितीकडे पुन्हा शून्य. म्हणून फिरता निधी मागा: सुरुवातीला ठरावीक रक्कम, तिच्यातून दुरुस्त्या, आणि वाचलेल्या बिलातून ती रक्कम परत त्याच निधीत. हार्वर्डसारख्या श्रीमंत संस्थेनेही हीच पद्धत वापरली. यासाठी आधीची बिलं लागतात, म्हणून पहिल्या महिन्याचा तक्ता. कॅन्टीन, सफाई आणि खरेदी यांच्या निविदा कधी संपतात ती तारीख भिंतीवर लावा. करार चालू असताना ठेकेदार कशालाही तयार होत नाही. नव्या निविदेत एक ओळ टाकली की तोच माणूस दोन गाड्या घेऊन येतो.

तुमचं प्रतिनिधित्व वर्षा-दोन वर्षांत संपेल. जाण्याआधी एक फाइल करून ठेवा: बिलांचा तक्ता, रात्रीच्या यंत्रांची यादी आणि त्यातलं काय झालं काय राहिलं, निविदांच्या तारखा, कुठल्या खोलीची किल्ली कुणाकडे. पुढच्या प्रतिनिधीला तिच्यावर सही करायला लावा आणि एक प्रत कुलसचिवांच्या कार्यालयात द्या.

आणि समितीत कोण आहे ते पुन्हा बघा. प्राध्यापक असतील, विद्यार्थी असतील, बहुधा एखादे बाहेरचे पाहुणेही असतील. मुख्य इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मेसचा व्यवस्थापक आणि सफाईच्या मुकादम बाई नसतील, तर त्यांना घ्या. निमंत्रित म्हणून नको, सदस्य म्हणून. बैठक त्यांच्या पाळीच्या वेळेत ठेवा, पाळी संपल्यावर ठेवलीत तर ती माणसं येणार नाहीत.